बिनटोकाची साखळी

प्रथिनाला दोन टोकं असतात. अमिनो आम्लांची साखळी एका टोकाला नत्राच्या गटाने सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिल गटाने संपते. बारावीच्या वर्गात फळ्यावर ही साखळी डावीकडून उजवीकडे काढताना मला नेहमी वाटायचं, की या टोकांविषयी आपण फार कमी बोलतो. साखळी विणली जाते ती एका टोकाकडून, आणि मोडते तीही पुष्कळदा टोकाकडूनच. आतड्यातली काही विकरं सुटं टोक धरतात आणि एकेक अमिनो आम्ल सोडवत जातात. काही विकरं मधेच घाव घालून नवी टोकं तयार करून देतात, म्हणजे पहिल्यांचं काम सोपं होतं. गोधडीतला दोरा एका जागी सुटला की पुढचे टाके आपोआप निसटत जातात, तसं हे चालतं. जेवणातलं वरण अंगी लागतं ते यामुळे. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन गिळून भागत नाही, बहुतेकदा सुईने टोचून घ्यावं लागतं, तेही यामुळेच. पोटात गेलेल्या इन्सुलिनला शरीर अन्नासारखंच वागवतं.

मग एखाद्या रोपट्याची पानं पाण्यात उकळली, तो काढा अडलेल्या बाईला घोटाघोटाने पाजला, आणि त्यातल्या पेप्टाइडने, म्हणजे एका छोट्याशा प्रथिनाने, तिच्या कळा वाढल्या, असं कोणी सांगितलं तर विश्वास बसेल का? उकळल्यावर प्रथिनाची घडी उलगडते. जठरातलं आम्ल ती आणखी विस्कटून टाकतं. उरलेलं विकरं संपवतात. पुस्तकाच्या हिशेबाने त्या काढ्यात काही शिल्लक राहायला नको.

पण राहत होतं. १९६०च्या दशकात लोरेन्ट्स ग्रान नावाचे नॉर्वेजियन डॉक्टर रेडक्रॉसच्या मदतकार्यासाठी काँगोमध्ये गेले होते. तिथल्या लुलुआ समाजातल्या बायका बाळंतपणात एका लहानशा वनस्पतीचा काढा घेत. कळा जोरात याव्यात, बाई लवकर मोकळी व्हावी, हा त्यामागचा हेतू. त्या वनस्पतीला तिथे कलाता-कलाता म्हणत. शास्त्रीय नाव ओल्डनलँडिया अ‍ॅफिनिस, कॉफीच्या कुळातली. ग्रान यांनी हे पाहिलं आणि हसण्यावारी नेलं नाही. याच कारणासाठी मला हा माणूस फार आवडतो. परदेशातून आलेल्या, हाताशी आधुनिक औषधं असलेल्या डॉक्टरला तिथल्या सुईणींच्या भांड्यात डोकावून बघावंसं वाटलं. पुढे त्यांनी त्या वनस्पतीचा अर्क काढला, तो गर्भाशयाच्या स्नायूंवर तपासला, आणि १९७०पासूनच्या काही वर्षांत त्यातल्या पेप्टाइडांवर शोधनिबंध लिहिले. त्यातल्या मुख्य पेप्टाइडला नाव मिळालं कलाता बी१. ग्रान यांचं नाव शास्त्राच्या इतिहासात राहिलं. ज्यांनी किती पानं, किती वेळ उकळायची आणि कोणत्या वेळी द्यायची हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलं, त्या बायका मात्र त्या इतिहासात समाजाच्या नावानेच तेवढ्या उरल्या. आपल्याकडच्या सुईणींचंही याहून वेगळं काय झालं?

कलाता बी१ हाती आलं, पण त्याचं रूप काही उकलेना. त्या काळी अमिनो आम्लांचा क्रम लावायची रुळलेली रीत टोकापासून सुरू व्हायची. नत्राच्या टोकाचं एक अमिनो आम्ल रसायनाने सोडवायचं, ते ओळखायचं, मग पुढचं. इथे धरायला टोकच सापडत नव्हतं. पाव शतकाच्या आसपास हे कोडं तसंच राहिलं. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले डेव्हिड क्रेक आणि त्यांचे सहकारी यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने त्याची त्रिमितीय रचना मांडली. एकोणतीस अमिनो आम्लं, आणि शेवटचं पहिल्याला जोडलेलं. साखळी स्वतःशीच मिळालेली. तिला टोक नव्हतंच.

नुसतं वलय एवढंच त्यात असतं, तर ते रबरी चकतीसारखं लुळं पडलं असतं. या वलयात सहा ठिकाणी सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल येतं, आणि ही सहा सिस्टीन दोन-दोन मिळून गंधकाचे तीन पूल बांधतात. त्यांतले दोन पूल आणि साखळीचे दोन तुकडे मिळून एक लहान कडं तयार होतं. तिसरा पूल बरोबर त्या कड्याच्या पोटातून आरपार जातो. म्हणजे बाहेर एक वलय, त्याच्या आत एक कडं आणि त्यातून ओवलेला पूल. अशी गाठ एकदा बसली की ती ओढून सुटत नाही. उकळत्या पाण्याने हे रेणू फारसे बिथरत नाहीत. पेप्सीन, ट्रिप्सिन यांच्यासारख्या विकरांनाही ते दाद देत नाहीत. आधी गंधकाचे पूल रसायनाने तोडले तरच विकरांचं काही चालतं. १९९९ मध्ये क्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या घराण्याला सायक्लोटाइड असं नाव दिलं. तोवर हे वलय फक्त काँगोच्या रानात नसून व्हायोलेटच्या कुळातही आहे हे ध्यानात आलं होतं. युनानी काढ्यात पडणारा आपला बनफशा म्हणजे व्हायोला ओडोराटा. त्याच्या एका रोपात अशी कितीतरी वेगवेगळी वलयं सापडतात.

इथवरचं ऐकून माझ्या ओळखीचे बरेच लोक समाधान पावतात. गोल आहे, घट्ट आहे, म्हणून पचत नाही, म्हणून काम करतं. मला मात्र खरा प्रश्न इथून पुढेच सुरू होतो असं वाटतं. न पचणं म्हणजे काम करणं नव्हे. चिंचोकाही न पचता बाहेर पडतो. हे वलय शाबूत पोचलं हे कळलं. पण पोचल्यावर ते करतं काय? कोणाला भेटतं, त्याच्यावर कुठे हात ठेवतं?

साध्या प्रथिनात पाण्याला घाबरणारे, तेलकट स्वभावाचे भाग आतल्या बाजूला दडतात आणि पाण्याशी जमवून घेणारे भाग बाहेर येतात. प्रथिनाची घडी पडते ती बहुतांश याच ओढीने. सायक्लोटाइडच्या पोटात मात्र गंधकाची गाठ इतकी दाटून बसलेली असते की तिथे दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. मग ते तेलकट भाग नाइलाजाने बाहेर येतात आणि पृष्ठभागावर त्यांचा एक सलग पट्टा तयार होतो. जे इतर प्रथिनं आत लपवतात ते हे रेणू अंगावर वागवतात. आणि त्यांची सारी क्रिया या उघड्या अंगातूनच घडते, हे मला या विषयातलं सगळ्यात लोभस सत्य वाटतं.

हे कसं कळलं, त्याची गोष्टही सुंदर आहे. २००८ मध्ये क्रेक यांच्या गटाने कलाता बी१ मधली सिस्टीन तेवढी राखली आणि बाकीची अमिनो आम्लं एकेक करून बदलली. दरवेळी एकाच्या जागी अ‍ॅलनिन हे अगदी साधं, निरुपद्रवी अमिनो आम्ल बसवायचं आणि वलय अजून रक्तपेशी फोडतं का, अळ्यांना मारतं का, ते पाहायचं. काही जागा बदलल्या तरी फारसा फरक पडला नाही. काही जागा बदलल्या की मात्र वलय निष्प्रभ झालं. या महत्त्वाच्या जागा साखळीत एकमेकींपासून लांब होत्या. पण त्रिमितीय आकृतीवर त्यांना रंग दिला तेव्हा त्या सगळ्या एकाच बाजूला, एकमेकींना खेटून दिसल्या. वलयाला तोंड होतं. त्या तोंडाशी ग्लुटामिक आम्ल आहे, जे या घराण्यातल्या जवळजवळ प्रत्येक वलयात त्याच जागी भेटतं. त्याचा ऋण भार झाकून टाकला की सगळी जादू ओसरते.

आता हे तोंड कशाला भिडतं? पेशीचं पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर. प्रत्येक मेदरेणूला पाण्याकडे वळलेलं डोकं आणि आत दडलेल्या तेलकट शेपट्या. या डोक्यांचे अनेक प्रकार असतात. त्यांतल्या एकाचं नाव फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमिन. नाव अवघड आहे, पण हा रेणू आपल्या प्रत्येक पेशीत आहे. सायक्लोटाइड नेमकं याचं डोकं ओळखतं. ग्लुटामिक आम्ल आणि त्याचे शेजारी ते डोकं धरतात, आणि मग बाजूचा तेलकट पट्टा पटलात शिरतो. एक वलय काही करत नाही. पण एकामागून एक वलयं येत राहतात, एकमेकांना चिकटतात, आणि पटलात छिद्रं पडतात, अवघ्या काही नॅनोमीटर रुंदीची. पेशीला एवढं पुरतं. आतलं बाहेर झिरपतं, बाहेरचं पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते.

कुलूप आणि किल्ली ही जीवशास्त्राची आवडती कल्पना इथे लागू पडत नाही, याचा पुरावाही शोधला गेला. २०११ मध्ये कलाता बी१ची आरशातली प्रतिमा तयार करण्यात आली. निसर्गातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं डावखुरी असतात. त्यांच्या उजव्या जोडीदारांपासून तंतोतंत उलटं वलय घडवलं गेलं. कुठलाही प्रथिनाचा ग्राही, म्हणजे पेशीवरचं कुलूप, असली उलटी किल्ली सहसा घेणार नाही. पण या उलट्या वलयानेही रक्तपेशी फोडल्या, जोर थोडा कमी पडला इतकंच. म्हणजे निदान हे काम तरी ग्राहीच्या मध्यस्थीशिवाय, थेट पटलाशी होतं.

आणि याच्याही आधीचा, २००० सालचा एक प्रयोग मला पुन्हा पुन्हा आठवतो. वलय एका जागी उघडलं. तीन पूल जसेच्या तसे, आकृतीही बरीचशी तशीच, फक्त साखळीला दोन टोकं आली. आणि रक्तपेशी फोडण्याची क्षमता गेली. म्हणजे मिटलेलं असणं हे केवळ पोटातून सुखरूप पार पडण्यासाठी नव्हतं. पटलाला भिडण्यातही त्याचा वाटा होता. वर्गात शिकवताना आम्ही रचना आणि कार्य हे दोन शब्द जोडीने उच्चारतो, परीक्षेत त्यावर चार गुणांचा प्रश्नही असतो. पण एक बंध उघडल्याने सगळं कार्य जावं इतकं त्यांचं एकमेकांवर अवलंबून असणं क्वचितच एवढ्या उघड दिसतं.

वलय ज्याचं डोकं ओळखतं तो मेदरेणू निरोगी मानवी पेशीत बहुतांश पटलाच्या आतल्या थरात असतो. बाहेर त्याचं डोकं क्वचित दिसतं. कर्करोगाच्या पेशीत मात्र तो बाहेरच्या थरात जास्त उघडा पडतो. कित्येक जिवाणूंच्या पटलात त्याचा साठा मोठा असतो. एचआयव्हीच्या आवरणातही तो असतो. म्हणूनच या वलयांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळी रूपं दाखवली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांना टांझानियातल्या चासालिया पार्विफोलिया या झाडात सर्क्युलिन नावाची वलयं सापडली. शोध चालला होता एचआयव्ही रोखणाऱ्या द्रव्याचा. बनफशातल्या एका वलयाने कर्करोगाच्या पेशी मारल्या. वृत्तपत्रांना अशा बातम्या फार आवडतात. माझ्या मनात मात्र लगेच रक्तपेशी उभ्या राहतात. जे पटल फोडतं ते आपलंही फोडू शकतं. दोन्हींतलं अंतर मात्रेचं आहे, आणि ते अंतर पुष्कळदा फार थोडं असतं. बनफशाचा काढा प्यायल्याने कर्करोग बरा होतो असं कोणी या माहितीच्या आधारे सांगू लागलं, तर त्याने हा विषय समजूनच घेतलेला नाही.

वनस्पती हे सगळं आपल्यासाठी करत नाही, हे तर उघड आहे. ती करते अळीसाठी.

माझे मामा मराठवाड्यात कोरडवाहू शेती करायचे. रब्बीत हरभरा. थंडी सरत आली, घाटे भरू लागले, की सकाळी रानात जाऊन ते एकेक झाड वाकून बघत. मी मागे मागे. ‘पोरी, पानावरची अळी दिसती. घाट्यात डोकं घातलेली दिसाय नजर लागती,’ असं ते म्हणायचे. घाटेअळीची रीत तशीच आहे. घाट्याला गोल भोक पाडायचं, अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, आणि आतला दाणा फस्त करायचा. मग निंबोळी अर्काची फवारणी, पक्षी बसावेत म्हणून रानात रोवलेले पक्षिथांबे, कामगंध सापळे, आणि त्यानेही भागलं नाही तर ज्याचा वास दोन दिवस अंगाला राहतो ते औषध. हीच अळी कापसावर गेली की तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात. तुरीच्या शेंगाही तिला चालतात. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात, आणि सायक्लोटाइडच्या अभ्यासात हे नाव मी वाचलं तेव्हा मला मामांच्या रानातलं ओळखीचं माणूस परक्या गावी भेटल्यासारखं झालं.

२००८ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या अळ्यांना कलाता बी१ मिसळलेलं खाद्य दिलं आणि त्यांच्या मधल्या आतड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आतड्याच्या पेशींवरची बारीक लव विस्कटली, पेशींवर फोड आले, त्या फुगल्या आणि फुटल्या. अळीच्या आतड्यातला रस चांगलाच अल्कधर्मी असतो, बहुतेक प्रथिनांची त्यात वाट लागते. वलय मात्र तिथे शाबूत पोचून आपलं काम करत होतं. त्या कापांचं वर्णन वाचताना विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणालाही बीटी कापूस आठवेल, कारण संशोधकांनीही तीच तुलना केली होती. बीटी जिवाणूच्या विषाने आतड्याची जी दशा होते तिच्याशी ही दशा फार मिळतीजुळती होती. रस्ता मात्र निराळा. बीटीचं विष आधी आतड्यातल्या विशिष्ट ग्राही प्रथिनांना चिकटतं. अळीने ते ग्राही बदलले की विष फिकं पडतं. २००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि दोन दशकांच्या आत गुलाबी बोंडअळी त्याला जुमानेनाशी झाली, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. वलय धरतं ते पटलातल्या मेदाला. तो मेद म्हणजे पेशीच्या घराची भिंतच, आणि ती बदलणं अळीला ग्राही बदलण्याइतकं सोपं जाऊ नये.

आता गोकर्णाविषयी सांगायला हवं. कुंपणावर, गच्चीतल्या कुंडीत, देवळाच्या भिंतीवर चढणारी, निळ्या फुलांची ती वेल आपण महादेवाला वाहतो आणि विसरतो. सिंगापूर-मलेशियाकडे तिच्या फुलांच्या रंगात भात निळा करतात. २०११ मध्ये त्याच गोकर्णात सायक्लोटाइडं सापडली. कडधान्यांच्या कुळात हे वलय कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गोकर्णातलं सीटर एम नावाचं वलय अळ्यांना चारून पाहिलं, तेव्हा ती अळी होती हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, म्हणजे आमची घाटेअळीच. त्याहून मोठं आश्चर्य जनुकात होतं. वाटाण्याच्या बीत अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचं एक जनुक असतं, आणि त्या प्रथिनाचा एक तुकडा किडींना मारक असतो. गोकर्णात त्याच जनुकाच्या साच्यात, नेमक्या त्या तुकड्याच्या जागी, वलय बसलेलं आहे. कॉफीच्या कुळातली वलयं वेगळ्याच जनुकांतून येतात. म्हणजे एकमेकींचा पत्ता नसलेल्या वनस्पती वेगवेगळ्या वाटांनी त्याच गोल आकाराशी येऊन पोचल्या. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. अळी सगळ्यांनाच खाते, आणि उत्तर शोधणाऱ्यांना उत्तर सारखंच सापडतं.

ऑस्ट्रेलियात गोकर्ण गुरांचा चारा म्हणून लावतात. न्यू साउथ वेल्समधल्या कापूस संशोधकांना हेलिकोव्हर्पा या वेलीपासून दूर राहते असं दिसलं, आणि त्या निरीक्षणातून पुढे गोकर्णाच्या अर्काचं सेरो-एक्स नावाचं कीटकनाशक तिथल्या बाजारात आलं. ज्या वेलीच्या फुलांनी आम्ही देवघरातली तबकं भरली, तिच्याकडे आम्ही औषध म्हणून पाहिलं ते बुद्धी वाढवणारी वनौषधी म्हणून. ती अळीला काय करते हे आम्ही तिला विचारलं नव्हतं, आणि मला याची हळहळ वाटते.

कळांचं काय, हे मात्र अजून सांगायचं राहिलं. पटलाला छिद्रं पाडून गर्भाशय आकुंचन पावत नाही. त्यासाठी वलयाने निराळी भेट घ्यायला हवी. गर्भाशयाच्या स्नायूपेशींवर ऑक्सिटोसिनचे ग्राही असतात. ऑक्सिटोसिन हे आपल्याच मेंदूतून येणारं, नऊ अमिनो आम्लांचं संप्रेरक. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत घडवलं आणि १९५५ चं नोबेल पारितोषिक मिळवलं. आजही बाळंतपणाच्या खोलीत सलाइनमधून तेच दिलं जातं. गंमत अशी की ऑक्सिटोसिनलाही एक कडं आहे. गंधकाच्या एका पुलाने सहा अमिनो आम्लांचं वळं केलेलं, आणि उरलेली तीन शेपटीसारखी लोंबणारी. अर्धं वलयच म्हणा. २०१३ मध्ये व्हिएन्नातल्या क्रिस्टियान ग्रुबर यांच्या गटाने कलाता-कलाताचा अर्क मानवी गर्भाशयाच्या स्नायूपेशींवर तपासला. पेशी आकुंचन पावल्या. मग त्यातली वलयं वेगळी करून पाहता कलाता बी७ हे वलय ऑक्सिटोसिनच्या ग्राहीला चिकटून त्याला काहीसं जागं करतं असं आढळलं. इथे कुलूप आणि किल्ली दोन्ही होती. या वलयाचा एक पिळा, म्हणजे साखळीचा बाहेरचा एक वळसा, आणि ऑक्सिटोसिनचा एक भाग यांत सारखेपणाही होता, आणि त्यावरून संशोधकांनी ऑक्सिटोसिनसारखं नवं पेप्टाइड बेतलं.

लुलुआ बायकांच्या भांड्यात एक वलय नव्हतं, अनेक होती. काही पटलाला भिडणारी, एखादं ग्राहीला ओळखणारं. चेहरेपट्टी एक, गाठ एक, पण बाहेरच्या पिळ्यांतली दोन-चार अमिनो आम्लं बदलली की भेट घेण्याचा माणूस बदलतो. आशियात भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या, आपल्या करटोलीच्या सख्ख्या चुलत्यात, मोमॉर्डिका कोचिनचिनेन्सिसच्या बियांत, अशाच गाठीची वलयं ट्रिप्सिन या पचवणाऱ्या विकराच्याच तोंडात आपला एक पिळा अडकवून त्याला गप्प करतात. ज्याने आपल्याला तोडायचं त्याचंच तोंड बंद. सूर्यफुलाच्या बीतही चौदा अमिनो आम्लांचं, एकाच गंधकपुलाचं इवलंसं वलय हेच करतं. ते सायक्लोटाइड नव्हे, पण मिटलेलं आहे.

याच लवचीकपणावर औषधशास्त्राचा डोळा आहे. कलाता बी१ मधल्या विसाव्या जागी थ्रिओनिन काढून लायसिन बसवलं की टी२०के नावाचं वलय होतं. २०१६ मध्ये व्हिएन्नाच्याच संशोधकांनी ते उंदरांना तोंडाने दिलं. या उंदरांत मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार निर्माण केलेला होता. शरीराचीच संरक्षक पेशी मज्जातंतूंवर उलटण्याची ती क्रिया वलयाने मंदावली. पेप्टाइड, आणि तोंडाने. इन्सुलिनची सुई ज्यांनी रोज टोचून घेतली आहे त्यांना या दोन शब्दांचं मोल वेगळं सांगायला नको.

वलय मिटवतं कोण, तेही पाहण्याजोगं आहे. वनस्पतीच्या पेशीत आधी एक लांब, टोकं असलेली साखळी विणली जाते. तिची घडी पडते, गंधकाची गाठ बसते. मग ती रिक्तिकेत पोचते आणि तिथे अ‍ॅस्परॅजिनील एंडोपेप्टिडेज नावाचं विकर तिच्यावर काम करतं. हे विकर बहुतेक वनस्पतींत असतं आणि त्याचा मूळ धंदा साखळ्या कापण्याचा. अ‍ॅस्परॅजिनपाशी घाव घालायचा आणि पुढे जायचं. या वनस्पतींत मात्र त्याचा एक प्रकार कापतो आणि कापलेलं टोक सोडून देण्याआधी दुसऱ्या टोकाला जोडून टाकतो. २०१४ मध्ये सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविद्यापीठातल्या जेम्स टॅम यांच्या गटाने गोकर्णाच्या शेंगांतून असं एक विकर वेगळं केलं, ब्युटलेज १ नावाचं. पेप्टाइडं जोडणाऱ्या ज्ञात विकरांत ते अतिशय वेगवान ठरलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत, वनस्पतींशी काही संबंध नसलेली पेप्टाइडंसुद्धा त्याच्या मदतीने गोल करता येतात. तंबाखूच्या भाईबंद रोपात नुसतं वलयाचं जनुक घातलं तर वलय नीट मिटत नाही. सोबत हे जोडणारं विकर दिलं की मिटतं. उद्याच्या औषधांची रोपं अशी शेतात उभी करता येतील, या आशेने माणसं आज काम करत आहेत.

आपल्या माळरानात पावसाळ्यात रतनपुरुष उगवतो. वीतभर रोपटं, गुलाबी-जांभळं फूल, आणि त्यात एकच पाकळी मोठी, बाकीच्या नावापुरत्या. आयुर्वेदाला आणि गावच्या वैदूंना ते जुनं ओळखीचं आहे. तेही व्हायोलेटच्या कुळातलं. २०२० मध्ये ब्रिस्बेनमधल्या संशोधकांनी त्यातली वलयं वेगळी केली आणि त्यातल्या काहींनी कर्करोगाच्या पेशी पटल फोडून मारल्याचं दाखवलं. मला मनापासून वाटतं, की हे रोपटं आमच्या विद्यापीठांतल्या पोरापोरींनी हाती घ्यावं. बीड-धाराशिवच्या माळावरचं आणि कोकणातल्या सड्यावरचं रतनपुरुष एकच वलयं घडवतं का, चरून खुडलेल्या रोपात ती वाढतात का, हे तपासावं; वैदू ते मुळासकट का उपटतात आणि पावसाच्या कोणत्या नक्षत्रात, हे त्यांना विचारावं, आणि त्या वैदूचं नाव निबंधाच्या पहिल्या पानावर लिहावं.